परत येणारे अडीच हजार



मंदिरात भेटलं की तुमच्यापैकी कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, घरघंटी घ्यायची आहे, कोणती घेऊ?" कोणती घ्या ते मी आज सांगणार नाही. पण माझी घरघंटी घेताना जे झालं ते सांगते. त्यात कंपनीची चूक आहे आणि माझीही आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आज हिनं केलं, उद्या दुसरी करेल, आणि नाव लिहिलं की सगळं लक्ष तिकडेच जातं.

घरघंटी आपल्या घरी का लागते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7. नागपुरात जुलै-ऑगस्टच्या पावसात दर तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गिरणीवर जायचं, तिथे आपल्या आधी कुणी काय दळलं, धान्य निवडलेलं होतं की नाही ते माहीत नाही, म्हणून आमच्या सासूबाईंनी वीस वर्षांपूर्वीच घरघंटी आणवली होती. ती गेल्या दसऱ्याला बंद पडली. कारागीर म्हणाला, मोटर जळली, आता यात पैसे घालू नका.

म्हणून धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी आम्ही सीताबर्डीला गेलो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही पाहिलेल्या घरघंटीवर लाल कागद चिकटवलेला होता: अडीच हजार रुपये परत. किंमत साडेएकवीस हजार. मी म्हटलं, "मग बिल एकोणीस हजाराचंच करा ना भाऊ." दुकानातला मुलगा हसला. म्हणाला, "ताई, आम्ही नाही कमी करत. कंपनी देते, डायरेक्ट तुमच्या खात्यात. फॉर्म भरून पोस्टानं पाठवायचा." त्यानं एक घडी केलेला कागद बिलाला टाचून दिला. एका बाजूला मोठ्या अक्षरांत अडीच हजार, दुसऱ्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत अटी. त्या मी त्या दिवशी वाचल्या नाहीत. तुम्हीही वाचल्या नसत्या. दिवाळी तोंडावर आली होती.

आता वहिनींबद्दल सांगते. आमच्या गल्लीत एक वहिनी राहतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. भाऊजी गेल्यापासून त्या पापड, शेवया, मुगवड्या करून घर चालवतात. शोधाचं पीठही दळून देतात. महाराजांचा विहार असला, चौके लागले, की चार-पाच घरांचं पीठ त्यांच्याकडूनच जातं. इतकी निवडून, इतकी शुद्ध कामं करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यांची घरघंटी माझ्यापेक्षाही जुनी, दळताना सगळ्या गल्लीला कळे.

मी घरी येताच त्यांना बोलावून नवी दाखवली. म्हटलं, "वहिनी, तुम्हीही घेऊनच टाका. ऑफर आहे, दोन-अडीच हजार परत येतात." त्या म्हणाल्या, "येतात म्हणजे, नक्की का जी ताई?" मी म्हटलं, "नक्की म्हणजे काय, कंपनी देते. मी आहे ना. कागदबिगद सगळे मी पाठवते." त्यांनी दोन दिवस विचार केला. भिशीचा नंबर त्यांना फेब्रुवारीत लागणार होता, तो त्यांनी एकीशी बोलून अदलाबदल करून आधी घेतला, आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी त्याच दुकानातून तीच घरघंटी आणली. मुलाच्या कॉलेजची दुसऱ्या सत्राची फी जानेवारीत होती. परत येणारे पैसे त्यात धरले होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

निर्वाण लाडू झाला, पाहुणे गेले, मग मी कागद काढून बसले. मागितलेलं होतं ते असं: भरलेला फॉर्म, बिलाची प्रत, मशीनवरच्या सिरियल नंबरचा फोटो, खोक्यावरचा बारकोड कापून, आणि एक कॅन्सल केलेला चेक. सगळं बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत पोहोचलं पाहिजे. पैसे 60 ते 90 कामाच्या दिवसांत.

आमचं खोकं सासूबाईंनी माळ्यावर टाकलं होतं, त्यांना कुठलंच खोकं टाकवत नाही. वहिनींचं खोकं मात्र आदल्याच दिवशी कबाडीवाल्याला गेलं होतं. त्यांचा मुलगा सायकल घेऊन धावला, आणि मस्कासाथेत त्या कबाडीवाल्याच्या ढिगातून बारकोडचा तुकडा कापून घेऊन आला. विजय मिळवल्यासारखे आम्ही हसलो.

राहिला चेक. वहिनींचं खातं पोस्टात, चेकबुक नाही. कागदावर तर स्पष्ट लिहिलेलं, बँकेचा कॅन्सल केलेला चेक. मी म्हटलं, "माझाच लावते. पैसे माझ्या खात्यात येतील, मी तुम्हाला काढून देईन." त्या लगेच हो म्हणाल्या. माझ्याच चेकबुकातले लागोपाठचे दोन चेक कॅन्सल करून मी दोन पाकिटांत घातले. दोन्ही पाकिटं स्पीड पोस्टानं पाठवली, पावत्या डायरीत चिकटवल्या. आठवड्यानं दोघींच्या मोबाइलवर दावा क्रमांक आले, तेही डायरीत लिहिले. एकाच्या शेवटी 41, दुसऱ्याच्या 42. माझा 41. इतकी नीटनेटकी मी! माझ्याच नीटनेटकेपणाचं मला कौतुक वाटत होतं.

डिसेंबर गेला. जानेवारीत वहिनींनी पहिल्यांदा विचारलं, "ताई, आले का जी?" मी म्हटलं, येतील. मी कंपनीला फोन केला. आधी गाणं, मग एक दाबा, दोन दाबा, मग एक मुलगा. तो म्हणाला, प्रक्रियेत आहे. आठवड्यानं दुसरा मुलगा म्हणाला, बिल स्पष्ट दिसत नाही, पुन्हा पाठवा. पाठवलं. मग एक मुलगी म्हणाली, सिरियल नंबरचा फोटो आलाच नाही. तोही पाठवला. मग म्हणाले, 90 दिवस अजून झाले नाहीत. मी मोजून सांगितलं, झाले. तेव्हा कळलं की कामाचे दिवस त्यांनी कागद तपासून झाल्यापासून धरले होते, आणि कागद प्रत्येक वेळी नव्यानं तपासले जात होते.

वहिनींनी फी कुणाकडून तरी उसनी घेऊन भरली. त्या मला काही बोलल्या नाहीत. पण सकाळी अभिषेकानंतर पायऱ्यांवर चप्पल घालताना रोज एकदा माझ्याकडे पाहायच्या. मी काय केलं, सांगू? मी मंदिरात अर्धा तास उशिरा जायला लागले.

घरी मी या विषयावर बोलून बोलून सगळ्यांना कंटाळा आणला. आमच्या ह्यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. ते म्हणाले, "अगं जाऊ दे. अडीच हजारासाठी किती तो जीव जाळतेस? क्षमा ठेव." मी म्हटलं, "क्षमा ठेवते हो, पण पैसे का नाही देत ते?" तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याच्या डोक्यानं हिशेब सांगितला. दुकानातच अडीच हजार कमी केले तर शंभर गिऱ्हाइकांना शंभर वेळा द्यावे लागतात. "नंतर कागद पाठवा" म्हटलं की काही जण फॉर्म हरवतात, काहींचं खोकं कबाडात जातं, काहींची तारीख उलटते, आणि काही जण दोन फोन करून दमतात. लाल कागद पाहून माल मात्र शंभरही जण घेतात. न मागितलेले पैसे कंपनीकडेच राहतात. "याला धंद्यात नावसुद्धा आहे," ते म्हणाले, "ब्रेकेज."

मी नंतर शोधून वाचलं, तर हे खरंच जुनं आहे. अमेरिकेत अशा पोस्टानं मागवायच्या सवलतीला मेल-इन रिबेट म्हणतात. तिथल्या कॉम्पयूएसए नावाच्या संगणक दुकानांच्या साखळीवर 2005 मध्ये सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली होती. कारण, दुकानात जाहिरात केलेल्या एका उत्पादक कंपनीच्या रिबेटचे पैसे लोकांना महिनोन्‌महिने मिळत नव्हते, कित्येकांना मिळालेच नव्हते. म्हणजे सीताबर्डीतल्या त्या लाल कागदाची भावंडं जगभर आहेत.

आणि याच रागात मला एक शब्द सापडला. दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात प्रत्येक अणुव्रताचे पाच-पाच अतिचार येतात. इतकी वर्षं मी ते हात जोडून ऐकले, अर्थाकडे लक्ष न देता. या वेळी स्वाध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार आले: मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार, साकारमंत्रभेद. न्यासापहार म्हणजे कुणी विश्वासानं ठेवलेली ठेव दाबणं. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा जो अर्थ सांगितला आहे तो ऐकून मी ताठ बसले. ठेव ठेवणारा किती ठेवलं ते विसरतो आणि कमी मागतो. ज्याच्याकडे ठेव आहे तो म्हणतो, "हो, तेवढंच होतं." बस्स, एवढंच. चोरी नाही, दरोडा नाही. समोरच्याच्या विसरण्याला नुसता "हो".

आणि हे सत्याच्या व्रताखाली घातलं आहे, अचौर्याच्या नव्हे, हेही तेव्हाच लक्षात आलं. मला तर शस्त्रच मिळालं. ब्रेकेज म्हणजे दुसरं काय? लोकांच्या विसरण्यावर बांधलेला धंदा! मी घरी सांगितलं, बहिणीला फोनवर सांगितलं, आणि कंपनीच्या त्या फोनवरच्या मुलालाही ऐकवलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, आपका फीडबॅक नोट कर लिया है."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी पासबुक भरायला बँकेत गेले. मशीननं ओळ छापली: कंपनीचं नाव, रुपये 2,500. एकच ओळ. मी तिथेच बाकावर बसून डायरी काढली. नोंदीतल्या क्रमांकाच्या शेवटी 42. म्हणजे पैसे वहिनींचे आले होते, माझे नाही.

खरं सांगते, पहिला विचार काय आला. दोन्ही दाव्यांना चेक माझा. खातं माझं. एकच रक्कम आली. कुठली कुणाची हे मला आणि डायरीलाच माहीत. धावपळ सगळी मी केली. बँकेपासून घरापर्यंत चालताना तो विचार दोनदा मनात आला आणि दोनदा मी तो झटकला. त्याचं मला इतकं समाधान वाटलं की पुढच्या क्षणासाठी मी सावध राहिलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंदिरात वेळेवर गेले. पायऱ्यांवर वहिनी होत्या. त्यांनी विचारलं, "ताई, ते दोन हजार आले का जी?"

मी म्हटलं, "हो, आले वहिनी. उद्या देते."

दोन हजार. मीच दिवाळीत "दोन-अडीच हजार" म्हटलं होतं, आणि त्या माऊलीनं त्यातले कमी ते लक्षात ठेवले होते. फीच्या हिशेबातही दोनच धरले असतील. आणि मी "हो" म्हटलं. तोंडातून सहज निघालं, असं मी स्वतःला दिवसभर सांगितलं. पण सहज निघालेलं दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं, आणि पायऱ्यांपासून आमच्या दारापर्यंत आम्ही बरोबर चाललो. मी कैऱ्यांच्या भावाबद्दल बोलले.

रात्री हिशेब सुरू झाला. स्पीड पोस्ट दोनदा, झेरॉक्स, फोनचे तास, रिक्षा. पाचशे रुपये होतील की सहज, शिवाय त्यांची काही तक्रारही नाही, त्या खूशच होतील. बायांनो, माणसाचं मन किती पटकन अटी छापतं! तीही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

झोप लागली नाही. सकाळी एटीएममधून पैसे काढून मी त्यांच्या घरी गेले. अडीच हजार हातात दिले, आणि मनात ठरवलेलं काहीच बोलले नाही. त्या पीठ चाळत होत्या. हात पुसून त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, पाचशेची एक नोट बाजूला काढली आणि माझ्यापुढे धरली. "ताई, हे जास्तीचे हायेत. चुकून आले वाटते."

तेव्हा मात्र मला सांगावंच लागलं. अडीच हजारच होते. काल तुम्ही दोन म्हणालात आणि मी हो म्हटलं. आणि हे पैसे तुमच्या क्रमांकाचे आहेत, माझे अजून आलेले नाहीत. आणि एक, जानेवारीपासून मी तुम्हाला टाळत होते. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले वाटलं होतं, तुमची तब्येत बरी नसंल." नोट त्यांनी उचलून बाकीच्यांत ठेवली आणि चहा ठेवायला उठल्या.

मी संवत्सरीची वाट न पाहता तिथेच मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. दरवर्षी आपण ते शे-दोनशे जणांना फोनवर पाठवतो. त्या दिवशी एकीला म्हणताना जीभ जड झाली होती.

आता माझ्या पैशांचं. तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर सोडून द्यायचं ना. मलाही वाटलं. पण वहिनीच म्हणाल्या, "तुमचे काऊन सोडता? मले मिळाले तर तुमालेही भेटले पाहिजे." आणि माझ्या चुकीनं कंपनीची चूक पुसली जात नाही. मी माझी ठेव मागणं म्हणजे राग धरणं नव्हे. फोनवरच्या मुलावर चिडणं हे राग धरणं, ते मी बंद केलं.

या वेळी मी आधी अटी वाचल्या, सासूबाईंचं भिंग घेऊन. नवव्या अटीत लिहिलं होतं, एका बँक खात्यावर एकच दावा. म्हणजे माझा दावा माझ्याच हुशारीनं अडला होता. पण चार महिन्यांत एकाही फोनवर कुणी हे सांगितलं नव्हतं. दर वेळी नवं कारण, खरं कारण कधीच नाही.

मग मी 1915 ला फोन लावला. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. 8800001915 या क्रमांकावर व्हॉट्सअॅपनंही तक्रार करता येते. बिल, स्पीड पोस्टाची पावती, फोन केल्याच्या तारखा, सगळं त्यांनी मागितलं, आणि डायरी पहिल्यांदा खरोखर उपयोगी पडली. माझी चूकही मी तक्रारीत लिहिली: चेक एकाच खात्याचे लावले गेले, दुसरं खातं द्यायला तयार आहे. तक्रारीचा क्रमांक मोबाइलवर आला.

एक समजून घ्या, हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात, सक्ती करू शकत नाहीत. पण फोनवर चार महिने दाद न देणारी कंपनी अशा तक्रारीला बहुधा उत्तर देते. मला अठराव्या दिवशी फोन आला, या वेळी गाणं न वाजवता. दुसऱ्या खात्याचा चेक मागितला. मी सासूबाईंच्या आणि माझ्या जोडखात्याचा दिला. महावीर जयंतीच्या आदल्या आठवड्यात पैसे आले. बरोबर संदेश होता, आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल धन्यवाद. आमचे हे तो वाचून बराच वेळ हसत होते.

हेल्पलाइननं झालं नसतं तर पुढची वाट कोणती, तेही मी माहीत करून ठेवलं होतं, तुम्हालाही सांगते. आपल्याकडे ग्राहकांसाठी पहिला कायदा 1986 चा. त्याच्याही आधी, 1974 मध्ये, पुण्यात बिंदूमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं, म्हणजे ही चळवळ आपल्या महाराष्ट्राच्या अंगणातलीच. आता 2019 चा नवा कायदा आहे, 20 जुलै 2020 पासून लागू झालेला. भेट, बक्षीस किंवा फुकट काही देऊ म्हणायचं आणि सांगितल्याप्रमाणे द्यायचा हेतूच ठेवायचा नाही, याला तो कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची, आणि कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. नागपुरात जिल्हा आयोग तर आहेच, राज्य आयोगाचं परिक्रमा खंडपीठही आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत साधारण 2 वर्षांची.

पापड-पीठ करून विकणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक. "तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही," असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. पोटापाण्यासाठी स्वतः राबून काम करायला घेतलेल्या वस्तूसाठी कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे कायद्यालेही माहीत आहे का, आम्ही किती दळतो ते!"

आणि घरघंटीच काय, मिक्सर, फ्रिज, काहीही "पैसे परत"च्या कागदावर घेणार असाल तर एवढं करा. परत येणारे पैसे किमतीतून वजा धरू नका, पूर्ण किंमत परवडत असेल तरच घ्या. लाल कागदाचा फोटो दुकानातच काढा, कारण दिवाळीनंतर तो भिंतीवरून गायब होतो. बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच ठेवा, आणि दोघींचे दावे असतील तर दोन वेगळी खाती. खोकं पैसे येईपर्यंत कबाडीवाल्याला देऊ नका, सासूबाई रागावल्या नाहीत तर त्याच्यानंतरही राहू द्या. पाकीट स्पीड पोस्टानं, पावती जपून. प्रत्येक फोनची तारीख आणि सांगितलेलं कारण लिहून ठेवा.

आणि कुणाला "मी आहे ना" म्हणाल तर आकडा नीट सांगा. दोन-अडीच म्हणू नका.

माझे अडीच हजार अजून त्या जोडखात्यातच आहेत. चातुर्मासात चौका लागेल तेव्हाचं पीठ वहिनींकडूनच घ्यायचं आणि त्याचे पैसे आधी द्यायचे असं सासूबाईंनी ठरवलं आहे. सध्या पाचव्या दिवशी पीठ दळते. पाऊस आला की पुन्हा तिसऱ्या दिवशी. घरघंटी, तेवढं खरं, छान चालते.

जय जिनेंद्र.